डिश छतावर, फोन स्वयंपाकघरात

उपग्रहावरून येणारे टीव्हीचे प्रक्षेपण एकाच दिशेने चालते. विषुववृत्तावर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवरून आलेला सिग्नल छतावरची डिश गोळा करते, तिच्यासमोर बसवलेला एलएनबी त्याची वारंवारता खाली उतरवतो आणि कोएक्सिअल केबलने तो घरातल्या रिसीव्हरपर्यंत पोचतो. परतीची वाट नसते. प्रेक्षकाने कोणता चित्रपट विकत घेतला, रिसीव्हर नेमका कुणाच्या घरात ठेवला आहे, यातले काही उपग्रहाला कळत नाही. अमेरिकेत डायरेक्टीव्हीने जून १९९४ मध्ये मिसिसिपी राज्यातल्या जॅक्सन शहरापासून छोट्या डिशची सेवा विकायला सुरुवात केली, १९९६ मध्ये डिश नेटवर्क आले, आणि दोघांनीही परतीच्या वाटेसाठी घरातला साधा टेलिफोन निवडला. रिसीव्हरच्या पाठीमागे केबलच्या स्क्रूशेजारी फोनचा एक सॉकेट असे आणि आत मोडेम. कागदावर व्यवस्था सोपी होती. प्रत्यक्षात टीव्ही जिथे असे तिथे फोनचा जॅक बहुधा नसे, आणि डिश लावायला गेलेल्या माणसाचा निम्मा वेळ आकाशातल्या उपग्रहाऐवजी घरातल्या शेवटच्या पंचवीस-तीस फुटांवर जायचा.

मोडेमचे काम तसे थोडके. रिमोटवरचे बटण दाबून चित्रपट किंवा मुष्टियुद्धाची लढत विकत घेता यायची, आणि त्या खरेदीची नोंद रिसीव्हरमध्ये सरकवलेल्या कार्डावर व्हायची. रात्री घर झोपल्यावर रिसीव्हर स्वतःच लाइन उचलायचा, कंपनीच्या टोल-फ्री क्रमांकाला लावायचा, साचलेल्या नोंदी सांगायचा आणि ठेवून द्यायचा. कार्डावर उधारीची मर्यादा असे. फोन लागला नाही तर नोंदी साचत जायच्या, मर्यादा भरली की कार्ड पुढची खरेदी नाकारायचे. मग कॉल सेंटरला फोन करून चित्रपट मागवायचा आणि त्या सोयीचे वरचे पैसे भरायचे. म्हणजे फोन जोडलेला नाही म्हणून फोन करायचा, आणि त्याबद्दल दंड भरायचा. ग्राहक यावर वैतागत आणि त्यांचा तो राग बहुतेक वेळा समोर उभ्या असलेल्या तंत्रज्ञावर निघत असे.

फोनच्या जोडणीचे ग्राहकाला आवडणारे फायदेही होते. डिश नेटवर्कच्या अनेक रिसीव्हरांत कॉलर आयडी असे. पहिली आणि दुसरी घंटी यांच्या मधल्या फटीत एक्स्चेंजकडून येणारी माहिती मोडेम वाचायचा आणि कोणाचा फोन आहे ते टीव्हीच्या पडद्यावर उमटायचे. उठून फोनपर्यंत जायचे की नाही हे सोफ्यावर बसूनच ठरवता येई, त्यामुळे एरवी फोनची वायर नको म्हणणारे गिऱ्हाईक एवढ्या एका गोष्टीपायी तयार व्हायचे. १९९९ पासून विकल्या जाऊ लागलेल्या टिव्हो रेकॉर्डरला तर कार्यक्रमांचे वेळापत्रकच फोनवरून आणावे लागे. टिव्होचा डायरेक्टीव्हीबरोबरचा जोड-अवतार वेळापत्रक उपग्रहावरून घ्यायचा, तरी पहिल्या मांडणीला त्यालाही फोन लागायचाच, आणि पुढे बरेच दिवस फोन झाला नाही की तो पडद्यावर कुरकुर सुरू करायचा.

कंपन्यांना मात्र फोनची लाइन हवी होती ती मुख्यतः पहाऱ्यासाठी. एका वर्गणीवर घरात दुसरा, तिसरा रिसीव्हर थोड्या जादा पैशांत मिळायचा. तो रिसीव्हर भावाच्या किंवा शेजाऱ्याच्या घरी नेऊन ठेवला तर उपग्रहाला फरक पडत नाही. कंपनीचे मात्र एक गिऱ्हाईक बुडते. सगळे रिसीव्हर एकाच फोन क्रमांकावरून बोलत असतील तर ते एकाच छताखाली आहेत असे मानता येते. स्थानिक संघाचे सामने ठराविक भागात दाखवायचे नाहीत, असे जे निर्बंध अमेरिकी खेळांच्या प्रक्षेपणावर असतात, तेही रिसीव्हरचा खरा पत्ता ठाऊक असेल तरच पाळता येतात. म्हणून क्रीडा पॅकेजच्या करारात फोन सतत जोडलेला ठेवण्याची अट असे. डिश नेटवर्कचे ३२२, ५२२, ६२५ हे रिसीव्हर एका डब्यातून दोन टीव्ही चालवत. त्यांना फोन जोडलेला नसेल तर महिन्याला सुमारे ५ डॉलरचा आकार लागे आणि जोडलेला असला की तो माफ होई. वर्षाला ६० डॉलर. या एका आकड्याने जितक्या वायरी ओढवून घेतल्या तितक्या चित्रपटांच्या हौसेने ओढवल्या नसतील. ग्राहकाला या जोडणीची गरज क्वचितच वाटे. गरज कंपनीची होती, आणि मेहनत व भिंतीतली भोके ग्राहकाच्या वाट्याला येत, हे सांगायला हवे.

अडचणीचे मूळ घरांच्या रचनेत होते. जुन्या अमेरिकी घरांत फोन कंपनीने पूर्वी स्वतः बसवलेले जॅक दोन ठिकाणी हमखास सापडत, स्वयंपाकघराच्या भिंतीवर उभ्याने बोलण्याच्या उंचीवर आणि मोठ्या बेडरूममध्ये पलंगाशेजारी. बैठकीच्या खोलीत टीव्ही बसे तो खिडकीची तिरीप टाळून, सोफ्यासमोर, पुष्कळदा बाहेरच्या भिंतीला लागून. डिशची केबल त्याच भिंतीतून भोक पाडून नेमकी टीव्हीमागे आणता येत असे. फोन मात्र घराच्या दुसऱ्या टोकाला. मधे दरवाजे, जिना, जेवणाची जागा, आणि घरातल्या बाईने मनापासून निवडलेला गालिचा.

सगळ्यांत सरळ उपाय लांब वायरीचा. जवळच्या जॅकमध्ये एकाचे दोन करणारा अडॅप्टर घालायचा, एका भोकात फोन तसाच ठेवायचा आणि दुसऱ्यातून पंचवीस किंवा पन्नास फुटांची चपटी वायर भिंतीच्या कडेने स्कर्टिंगला धरून न्यायची. जिथे भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट असते तिथे त्याची कड पक्कडीने किंचित उचलायची. कार्पेटला धरून ठेवणारी खिळ्यांची पट्टी आणि भिंत यांच्यात बोटभर फट असते, तिच्यात वायर दाबत जायचे. दारापाशी चौकटीच्या वरून फिरवावे, उंबरठ्यावरून कधीही नाही; उंबरठ्यावर पायाखाली आलेली वायर काही महिन्यांत आतून तुटते आणि बाहेरून धडधाकट दिसते. अडॅप्टर घेताना दोन्ही भोके एकाच लाइनची आहेत ना हे पाहावे लागे. दुकानात शेजारीच टांगलेला, अगदी तसाच दिसणारा दुसरा अडॅप्टर दोन वेगळ्या लाइनी वेगळ्या करणारा असे. तो लावला की रिसीव्हरला डायल टोन मिळत नसे आणि दोष रिसीव्हरच्या माथी बसे.

या कामात सर्वाधिक घोटाळा केला तो स्टेपल गनने. कोएक्सिअल केबल जाड, तिला थोडा दाब चालतो. फोनच्या वायरीतल्या तारा केसाएवढ्या बारीक. स्टेपलचा एक पाय तिरका घुसला की दोन तारा एकमेकींना चिकटतात आणि मग फक्त रिसीव्हरची जोडणी मरत नाही, घरातला प्रत्येक फोन मरतो, कारण सगळे जॅक एकाच जोडीवर समांतर बसलेले असतात. तंत्रज्ञ गाडीत बसून निघून जातो, संध्याकाळी घरातल्या आजीबाईंना मुलाला फोन लावायचा असतो आणि लाइनवर मुकाट शांतता. कामात मुरलेली माणसे म्हणून वायर ठोकून झाल्यावर आधी स्वयंपाकघरातला फोन उचलून पाहत आणि मगच टीव्हीकडे वळत. गोल बाकाची प्लास्टिकची क्लिप आणि खिळा वापरला की हा प्रश्न येत नाही. तिला स्टेपलपेक्षा वेळ जास्त लागतो, आणि तंत्रज्ञाला पैसे कामाच्या नगावर मिळत असत. पुष्कळशा ओबडधोबड कामाचे कारण एवढेच आहे.

वायर घरातून न नेता घराबाहेरून आणणे हा नेटका मार्ग. अमेरिकेत घराच्या बाहेरच्या भिंतीवर फोन कंपनीची एक करड्या रंगाची प्लास्टिकची पेटी असते. तिच्यात दोन कप्पे, एक कंपनीचा, कुलूपबंद, आणि दुसरा घरमालकाचा, साध्या स्क्रूने उघडणारा. १९८०च्या दशकात घरातल्या वायरिंगची जबाबदारी फोन कंपन्यांकडून घरमालकाकडे आली, त्यामुळे या दुसऱ्या कप्प्यातून नवी वायर काढायला कुणाची परवानगी लागत नाही. डिशची केबल अर्थिंग करण्यासाठी ज्या ठिकाणी आणतात ते विजेच्या मीटरजवळचे ठिकाण असते, आणि फोनची पेटीही बहुधा तिथेच. म्हणजे दोन्ही वायरी एका जागेवरून निघून एकाच वाटेने, एकाच भोकातून टीव्हीमागे नेता येतात. आत भिंतीवर एकाच पट्टीत केबलचा स्क्रू आणि फोनचा जॅक बसवला की काम पाहणाऱ्याला ते घर बांधतानाच केलेले वाटावे इतके स्वच्छ दिसते.

पेटी उघडल्यावर आत एक छोटी प्लग लावलेली वायर दिसते. ती उपसली की घराचे सगळे वायरिंग कंपनीच्या लाइनपासून सुटते, आणि काम सुरू करण्यापूर्वी ती उपसणे हे शहाणपणाचे. फोनच्या लाइनवर एरवी सुमारे ४८ व्होल्ट एकदिश दाब असतो, तो कोरड्या हाताला जाणवतही नाही. पण त्याच वेळी कुणाचा फोन आला तर घंटी वाजवण्यासाठी सुमारे ९० व्होल्टचा उलटसुलट प्रवाह येतो आणि शिडीवर उभ्या माणसाला तो चांगलाच झटका देतो. जुन्या वायरीत हिरवी आणि तांबडी ही पहिली जोडी, काळी आणि पिवळी ही दुसरी. नव्या वायरीत पांढरी-निळी आणि निळी ही पहिली. जुन्याला नवी जोडायची तर हिरवीला पांढरी-निळी, तांबडीला निळी. उलट झाली तरी रिसीव्हरच्या मोडेमला चालते. काही जुन्या बटणांच्या फोनांना चालत नसे. सांधे उघड्यावर असल्याने आत जेल भरलेले छोटे जोड वापरायचे, साधा पीळ मारून चिकटपट्टी गुंडाळलेला सांधा दोन पावसाळ्यांत हिरवा पडतो आणि लाइनवर खरखर सुरू होते. भोकात शिरण्यापूर्वी वायरीला खालच्या बाजूने एक झोळ द्यायचा, म्हणजे पाणी झोळावरून ठिबकते, भिंतीत शिरत नाही. भोक बाहेरच्या बाजूला किंचित उतरते पाडायचे आणि सिलिकॉनने बुजवायचे. विजेच्या तारांपासून निदान दोन इंच अंतर ठेवावे, असे तिथल्या विद्युत संहितेचा नियम सांगतो.

विटांचे घर, दोन मजले, मधल्या भिंतींत उष्णतारोधक कापूस भरलेला आणि घरमालक ड्रिलच्या आवाजानेच अस्वस्थ होणारा असेल तेव्हा वायरीचा विचार सोडावा लागे. भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये तर बोलायलाच नको. न्यू जर्सीत एडिसन, जर्सी सिटीच्या बाजूला राहणारी अनेक भारतीय कुटुंबे, त्यांत मराठीही, झी आणि सोनी पाहण्यासाठी डिश नेटवर्क घेत. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाच्या १९९६च्या नियमाची व्याप्ती १९९९ मध्ये वाढल्यामुळे भाडेकरूला स्वतःच्या बाल्कनीत एक मीटरपर्यंतची डिश ठेवायचा हक्क मिळाला होता. मात्र बाहेरची भिंत पोखरायचा हक्क त्यात नव्हता. केबल खिडकीच्या फटीतून चपट्या पट्टीने आत यायची, आणि फोन असायचा स्वयंपाकघराच्या भिंतीवर, कारण भारतात बोलायला कॉलिंग कार्ड घासून बसायची जागा तीच. अशा घरांत बिनतारी जॅक कामाला यायचा.

बिनतारी म्हणायचे एवढेच. खरे तर त्याची तार भिंतीत आधीपासूनच असते. विजेच्या प्लगमध्ये घालायचे दोन छोटे डबे, एक फोनच्या जॅकजवळ, दुसरा टीव्हीमागे. पहिला डबा फोनचा आवाज उच्च वारंवारतेच्या लहरीवर चढवून घरातल्या विजेच्या वायरिंगमध्ये सोडतो, दुसरा तो उतरवून घेतो आणि आपल्या सॉकेटवर फोनची खोटी लाइन उभी करतो. फोनेक्स, आरसीए या नावांनी हे डबे विकले जात. रिसीव्हरातले जुने मोडेम अगदी संथ, म्हणून आवाजाच्या दर्जाची फारशी चिंता नसे. कॉम्प्युटरच्या ५६के मोडेमला जो डबा पुरत नसे तो रिसीव्हरला छान चालायचा.

चालायचा, म्हणजे बहुतेक वेळा. अमेरिकी घराला १२०-१२० व्होल्टच्या दोन फेज-तारा येतात, त्या दोहोंमध्ये २४० व्होल्ट असतात आणि निरनिराळ्या खोल्यांचे प्लग यांपैकी एकीवर किंवा दुसरीवर असतात. पहिला डबा एका तारेवर आणि दुसरा दुसरीवर पडला तर लहरीला बाहेरच्या खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरपर्यंत वळसा घालून यावे लागते आणि तोवर ती मरगळते. यातून एक मजेदार लक्षण निघे. ग्राहक सांगे की, टीव्हीचा फोन रविवारी दुपारी चालतो, एरवी चालत नाही. रविवारी दुपारी घरात ओव्हन लावलेला असे. ओव्हन २४० व्होल्टचा, दोन्ही तारांवर एकदम बसलेला, आणि त्याचे तापलेले कॉइल लहरीला एका तारेवरून दुसरीवर जायला पूल देई. ओव्हन बंद झाला की पूल गेला. रात्री, म्हणजे रिसीव्हर फोन करायच्या वेळी, ओव्हन चालू असायचे काही कारणच नसे. यावर उपाय म्हणजे डब्यांपैकी एक दुसऱ्या खोलीतल्या प्लगमध्ये, दुसऱ्या एमसीबीवर नेऊन पाहणे. तंत्रज्ञाने दोन-तीन प्लग बदलून पाहिले तर पुष्कळदा जमून जाई.

दुसरी चूक जवळजवळ प्रत्येक घरात होई. टीव्हीमागे सहा प्लगांची सर्ज प्रोटेक्टरची पट्टी असते, आणि डबा साहजिकच तिच्यात खोचला जाई. त्या पट्टीतला फिल्टर विजेवरच्या उच्च वारंवारतेचा गोंगाट गिळतो, आणि त्याच्या लेखी फोनची लहर म्हणजे गोंगाटच. डबा थेट भिंतीच्या प्लगमध्येच हवा. मंद करता येणारे डिमरचे दिवे, जुने सीएफएल, फ्रिजची मोटर यांनीही अडथळा येई. एकाच ट्रान्सफॉर्मरवरच्या शेजारच्या घरात तसलेच डबे असतील तर त्यांच्या लाइनी एकमेकींत मिसळू नयेत म्हणून डब्यांच्या जोडीची एकमेकांशी ओळख सुरुवातीला बटण दाबून करून द्यावी लागे, आणि ती करून दिली नाही की भलत्याच घराचा डायल टोन ऐकू येण्याची शक्यता राहत असे.

डिश नेटवर्कने पुढे व्हीआयपी मालिकेच्या रिसीव्हरांत हीच युक्ती आतच बसवली. विजेच्या वायरिंगवरून माहिती नेणारे होमप्लग तंत्र त्यात होते, त्यामुळे घरातल्या एका रिसीव्हरला फोन जोडला की बाकीचे आपापल्या विजेच्या वायरीवरून त्याच्याकडे निरोप पाठवत. स्वयंपाकघरातल्या टीव्हीशेजारी फोन असेल तर बैठकीच्या खोलीतल्या रिसीव्हरसाठी काहीच ओढावे लागत नसे. दुकानातले स्वतंत्र डबे आता कुणी का घ्यावेत, असा प्रश्न त्यामुळे उभा राहिला.

फोनच्या लाइनवर एकटा फोनच असेल अशी घरे मात्र कमी होत चालली होती. डीएसएल इंटरनेट असेल तर तेही त्याच दोन तारांवरून येते, आवाजाच्या वरच्या वारंवारतेत. रिसीव्हरच्या प्लगआधी छोटा डीएसएल फिल्टर लावला नाही, तर रिसीव्हर लाइन उचलतो त्या क्षणी इंटरनेट तुटण्याची शक्यता असते. रात्री दोनला तुटलेले इंटरनेट कुणाच्या लक्षात येत नाही, म्हणून हा दोष महिनोन्महिने दडून राही. बिनतारी जॅक लावला असेल तर फिल्टर लागतो तो फोनच्या बाजूच्या डब्याला. टीव्हीमागच्या डब्याला लावलेला फिल्टर निव्वळ शोभेचा.

चोरसूचक यंत्रणा असलेल्या घरात आणखी सांभाळून जावे लागे. तिचे पॅनल आरजे-३१एक्स नावाच्या आठ पिनांच्या जॅकमधून लाइनच्या अगदी सुरुवातीला बसवलेले असते. चोरीची किंवा आगीची सूचना द्यायची वेळ आली की ते घरातले सगळे फोन तोडून लाइन आपल्याकडे ओढून घेते. रिसीव्हरची वायर बाहेरच्या पेटीतून सरळ काढली तर ती या पॅनलच्या आधी पडते. मग रिसीव्हर नेमका त्या वेळी फोनवर असला तर पॅनलला लाइन मोकळी मिळत नाही. एवढ्या सगळ्या वायरिंगमध्ये ही एकच चूक माणसाच्या जिवाशी येऊ शकते. वर नेटका म्हणून सांगितलेला मार्ग अशा घरात धोक्याचा ठरतो. वायर पॅनलच्या पलीकडच्या बाजूनेच काढायची.

इंटरनेटवरून चालणारे फोन आले आणि त्रासाचा नवा प्रकार सुरू झाला. त्यांत आवाज तुकड्यांत कापून, दाबून पाठवतात. माणसाच्या बोलण्याला एखादा तुकडा हरवला तरी चालते, मोडेमच्या सुरांना चालत नाही. फोन कंपनीच्या खात्यात आवाजाची दाबणी बंद करता येत असेल तर ती बंद करून पाहायची, नाहीतर लाइन आहे, टोन आहे आणि रिसीव्हरचा फोन मात्र लागत नाही, असा तिढा उभा राहायचा. रिसीव्हरच्या मेनूत फोन लावण्यापूर्वीचे आकडे भरायची जागा असते. ऑफिससारख्या एक्स्चेंजमधून बाहेरची लाइन घ्यायला ९, कॉल वेटिंग तात्पुरते बंद करायला स्टार, सात, शून्य. मोडेम बोलत असताना मधेच कॉल वेटिंगची टिकटिक आली की तो गोंधळून लाइन सोडतो, म्हणून हे तीन आकडे बऱ्याच घरांत लागत.

काम झाले की चाचणी. डायरेक्टीव्हीच्या रिसीव्हरवर सिग्नल, ट्यूनिंग, फोन आणि कार्ड अशी चार ओळींची चाचणी असे, चारही ओळींपुढे ठीक असे आले की ग्राहकाची सही घेऊन निघायचे. पण सही घेण्याच्या घाईत एक गोष्ट निसटे. काही रिसीव्हर चाचणीत नुसता डायल टोन आहे की नाही एवढेच पाहत. टोन ऐकू आला म्हणजे पलीकडे फोन लागतोच असे नाही. अनुभवी माणूस आधी वायरीच्या टोकाला साधा फोन लावून ऐके, खरखर आहे का, रेडिओचे गाणे ऐकू येते का, आणि मग रिसीव्हरकडून प्रत्यक्ष कॉल करवून घेई. घरात रिसीव्हर तीन-चार झाले की लाइनवरच्या उपकरणांच्या घंटीचा एकूण भारही मोजावा लागे. अमेरिकेत एका लाइनला पाचपर्यंतचा भार ठीक मानला जाई. त्यापलीकडे जुने फोन नीट वाजेनासे होत.

सगळे ठीक असूनही रिसीव्हर एखाद्या वादळानंतर मुका होई. चित्र झकास, फोन मात्र बंद. रिसीव्हर तीन वाटांनी बाहेर जोडलेला असतो, छतावरच्या केबलने, फोनच्या तारांनी आणि प्लगमधून, आणि जवळपास वीज पडली की या वाटांच्या दाबात फरक पडून तो फरक रिसीव्हरच्या आतून वाट काढतो. फोनची बाजू सगळ्यांत नाजूक, म्हणून आधी मोडेम जळतो. डिशची केबल, फोनची पेटी आणि विजेचे मीटर यांचे अर्थिंग एकाच दांड्याला जोडलेले असेल तर हा फरक बराच कमी होतो. डिशसाठी बागेत वेगळा दांडा ठोकून त्याला अर्थिंग म्हणणारे काम दिसायला ठीक वाटते आणि वादळात सर्वांत जास्त नुकसान करते.

ब्रिटनमध्ये हाच प्रश्न वेगळ्या कारणाने उभा राहिला. स्काय डिजिटल ऑक्टोबर १९९८ मध्ये सुरू झाले तेव्हा ग्राहकाला बॉक्स सवलतीत मिळायचा, पण तो १२ महिने फोनला जोडून ठेवण्याच्या अटीवर. टीव्हीवरून खरेदी करवण्याच्या धंद्यावर ती सवलत उभी होती. तिथले सॉकेट आकाराने अमेरिकी जॅकपेक्षा वेगळे, घंटीचा कपॅसिटर मुख्य सॉकेटमध्ये असल्यामुळे घराच्या आत तीन तारा ओढण्याची रीत, पण डिश एका कोपऱ्यात आणि फोन दुसऱ्या कोपऱ्यात ही गोष्ट तशीच. भारतात डीटीएच आले ते २००३ मध्ये, आणि तोवर मोबाइलचे युग सुरू झालेले होते. रिचार्ज एसएमएसने किंवा कॉल सेंटरवर, चॅनेल सुरू-बंद करण्याचा हुकूम उपग्रहावरून थेट कार्डाला. त्यामुळे पुण्या-मुंबईत डिश बसवणाऱ्या मुलाने फोनची वायर कधी ओढली नाही, आणि अमेरिकेत या कामात वर्षे घालवलेला त्याचा भाऊबंद ऐकून चकित होईल इतके त्याचे काम आटोपशीर राहिले.

अमेरिकेत या वायरींची गरज संपवली ती फोनच नसलेल्या घरांनी. मोबाइलच पुरेसा म्हणून लँडलाइन न घेणारी घरे वाढत गेली आणि २०१६च्या उत्तरार्धात निम्म्याहून अधिक घरे तशी झाल्याचे तिथल्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत नोंदले गेले. त्याआधीच रिसीव्हरांच्या पाठीला इथरनेटचा सॉकेट आला होता, खरेदीची नोंद इंटरनेटवरून जात होती आणि काही नव्या मॉडेलांवरून फोनचा सॉकेट गायब झाला होता. इथरनेटची वायर ओढायची तर अंतराचा तोच प्रश्न, राऊटर एका खोलीत आणि टीव्ही दुसरीकडे. डायरेक्टीव्हीने तो डिशच्याच कोएक्सिअल केबलवरून इंटरनेट चढवून सोडवला. राऊटरशेजारच्या केबलला एक छोटा अडॅप्टर लावायचा, घरातले सगळे रिसीव्हर आधीच एकाच केबलजाळ्यावर असतात, त्यांना तेवढे पुरते. राऊटर टीव्हीपासून दूर आणि त्याच्याजवळ केबलचे टोक नसेल, तर वाय-फाय घेणारा छोटा डबा रिसीव्हरच्या केबलजाळ्याला जोडायचा. फोनची जुनी चपटी वायर कार्पेटच्या कडेखाली तशीच सोडून देतात. ती काढायला कुणी वेळ घालवत नाही.